चार लोक म्हणजे नेमके कोण? गटाच्या दबावाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात मानसशास्त्र शिकवते. कॉलेजचे वर्ग सोडले तर बोलावणी येतात ती महिला मंडळांकडून, बचत गटांच्या मेळाव्यांतून, तालीम मंडळांकडून, नाहीतर शाळांच्या पालकसभांना. विषय काहीही ठरलेला असो, चहा येईपर्यंत प्रश्न एकाच वळणावर येतात: एकटा असताना शहाणा असणारा माणूस चारचौघांत असा का वागतो? ते प्रश्न, जमेल तितके विचारणाऱ्यांच्याच भाषेत, इथे एकत्र केले आहेत. क्रमानं वाचलेच पाहिजेत असं नाही. वेळ कमी असेल तर रूढी कशी मोडते तो प्रश्न आधी वाचा. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा तोच आहे.

कुणी काही बोललेलंच नसतं, मग दबाव येतो कुठून?

धमकी द्यावी लागली तर तो दबाव कच्चा. पक्का दबाव न बोलता चालतो. मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये त्याचे दोन प्रकार सांगितले, ते आजही उपयोगी पडतात. पहिला माहितीचा. परगावात दोन खानावळी शेजारीशेजारी आहेत आणि एकीबाहेर रांग आहे, तर आपण रांगेत उभे राहतो. इतक्या लोकांना काहीतरी ठाऊक असणार, असं धरून चालतो. दुसरा मर्जीचा. इथे आपल्याला नीट कळत असतं की हे चूक आहे किंवा आपल्याला नको आहे, पण वेगळं पडायचं नसतं.

दोन्ही एकदम बघायचे असतील तर गणपतीच्या आधी वर्गणीला येणारी पोरं बघा. दारात तिघं-चौघं उभी, पुढच्याच्या हातात पावती पुस्तक. तुम्ही विचारता, किती लिहिताय? आकडा कुणी सांगत नाही. "तुमच्या मनानं द्या की काका," म्हणतात, आणि पेन शोधायच्या निमित्तानं पुस्तकाची पानं मागे उलटतात. स्थळप्रतीवर शेजारच्या बंगल्याचा आकडा दिसतो. तो गल्लीतला सगळ्यांत मोठा असतो, हे सांगायला नकोच. तुम्ही पाचशे ठरवून बाहेर आलेला असता आणि अकराशे देऊन आत जाता. कुणी आवाजसुद्धा चढवलेला नसतो.

डोळ्यांना दिसतंय ते सोडून माणूस दुसऱ्याचं ऐकेल? पटत नाही.

सॉलोमन अ‍ॅश यांनाही पटत नव्हतं. स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टीत माणूस वाहवत जाणार नाही अशीच त्यांची अटकळ होती. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अगदी साधा आहे. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीएवढी कुठली, ते मोठ्यानं सांगायचं. खोलीत सात-आठ जण, त्यातला एकच खरा पाहुणा. बाकीचे सगळे अ‍ॅश यांनी आधी शिकवून ठेवलेले, आणि पाहुण्याची पाळी शेवटी-शेवटी. १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत शिकवलेली मंडळी एकमुखानं चुकीची रेघ सांगत.

एकट्यानं विचारलं तर या रेघा ओळखण्यात शंभरात एखादी चूकही होत नव्हती. गटात मात्र सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी एकदा तरी चुकीच्या उत्तराची री ओढली, आणि अशा फेऱ्यांतली एकूण साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूनं गेली.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात आणि "बघा, माणूस मेंढरू आहे" म्हणून मोकळे होतात. मला उरलेला भाग जास्त मोलाचा वाटतो. दोन तृतीयांश उत्तरं बरोबरच होती, आणि जवळपास पाव लोक एकदाही वाकले नाहीत. नंतर विचारल्यावर वाकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सांगितलं, रेघ बरोबर दिसत होती, पण हसं करून घ्यायचं नव्हतं. आणि शिकवलेल्यांपैकी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी पाहुण्याचं वाकणं शंभरात पाचाच्या आसपास आलं. एका माणसानं एवढा फरक पडला. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

असा दबाव यायला किती माणसं लागतात?

तीन. अ‍ॅश यांनी गट लहान-मोठे करून पाहिले. एकासमोर माणूस जवळजवळ ढळत नाही, दोघांसमोर थोडा ढळतो, तिघं झाले की परिणाम जवळपास पुरा होतो. पुढे पंधरा केले तरी फारशी वाढ नाही. मंडळाची पोरं तिघं-चौघं मिळून का येतात, ते लक्षात आलं असेल.

हे प्रयोग अमेरिकेतले. आपल्याकडं तर 'लोक काय म्हणतील' जास्तच असणार?

१९९६ मध्ये रॉड बाँड आणि पीटर स्मिथ यांनी १७ देशांत झालेले अ‍ॅशच्या धर्तीचे १३३ अभ्यास एकत्र तपासले. जिथं कुटुंब-जमातीला व्यक्तीपेक्षा वरचं स्थान आहे, तिथं गटाबरोबर जाण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पण अमेरिकेतही ते शून्य नव्हतं, फक्त १९५० नंतर उतरत गेलं होतं. आणि प्रत्येक वेळी गटाबरोबर जाणं म्हणजे भित्रेपणा असंही नाही. समोरच्याचा चारचौघांत पाणउतारा होऊ नये म्हणून गप्प बसण्याला आपण भीड म्हणतो, आणि भीड हा काही नुसता दुर्गुण नाही.

सगळेच म्हणतात डॉल्बी नको. मग लावतं कोण?

हा प्रश्न मला इतक्या ठिकाणी विचारला गेलाय की आता मीच सुरुवातीला विचारून टाकते.

मंडळाची बैठक डोळ्यांपुढं आणा. जेवणं करून साडेनऊला पंचवीस-तीस जण जमलेत. अध्यक्ष म्हणतात, "काय, यंदा पण गतसालासारखंच ना?" मागून दोन पोरं शिट्टी मारतात. बाकीचे मोबाईलकडं बघतात. "मग ठरलं." त्या पंचवीसांत एकाच्या घरी तान्हं बाळ आहे, एकाच्या वडिलांची बायपास झालीय, एकाला गेल्या वर्षी मिरवणुकीनंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. पण प्रत्येकाला वाटतं, आपण सोडून सगळ्यांना पाहिजे आहे. आपल्या गप्प बसण्याला आपण भीड समजतो आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्याला संमती.

फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच ही अवस्था हेरली होती: बहुतेकांच्या मनात एक, आणि बहुतेकांच्या मनात दुसरंच आहे अशी बहुतेकांची समजूत. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबद्दल हेच दाखवलं. विद्यार्थी स्वतः कॅम्पसवरच्या पिण्याबद्दल अस्वस्थ होते, पण इतरांना त्यात काही वावगं वाटत नाही असं मानत होते.

आपल्याकडं लग्नातले मानपान, बारशाला दोनशे ताटं, बाराव्याचा खर्च, रस्सा मंडळात, म्हणजे दोस्तांच्या मटण-पार्टीत, 'बसलं'च पाहिजे हा आग्रह, यातलं बरंच काही याच जातीचं आहे. उपायही फार अवघड नाही. हात वर करायला लावू नका. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, 'हवा' किंवा 'नको' लिहायला सांगा, डब्यात टाका, सगळ्यांसमोर मोजा. अ‍ॅश यांच्या प्रयोगातही पाहुण्याला उत्तर कागदावर लिहू दिलं तेव्हा वाकणं झपाट्यानं कमी झालं होतं. चिठ्ठ्यांत डॉल्बीच निघाला तर निघाला. निदान तो खरंच कुणाला तरी हवा आहे हे कळेल.

पुराचं पाणी वाढतंय हे दिसत असतं. मग माणसं वेळेत घर का सोडत नाहीत?

कारणं बरीच आहेत. जनावरं, चोरीची धास्ती, म्हातारी माणसं, छावणीतली गैरसोय. पण एक कारण शेजाऱ्याच्या खिडकीत असतं. त्याच्या घरात दिवा आहे, तो हललेला नाही, म्हणजे अजून वेळ आहे. आणि तो तुमचा दिवा बघून हेच म्हणत असतो.

१९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी उठून खबर दिली. शेजारी ढिम्म बसून राहायला शिकवलेले दोघं असले तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे धुरात डोळे चोळत फॉर्म भरत राहिले.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट आहे. हे आकडे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा महापूर. आकडा पाठ असून भागत नाही. अमुक फुटाला आपलं घर हलणार, हे पावसाळ्याआधी घरात बसून ठरवा आणि शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवा. ऐनवेळी खिडकीकडं बघायची पाळीच येत नाही. आणि गल्लीतलं पहिलं घर दिवसाढवळ्या, सगळ्यांना दिसेल असं हललं, तर मागची घरं लवकर निघतात.

अपघात झाला की लोक नुसते बघत का उभे राहतात?

प्रत्येकाला वाटतं दुसऱ्या कुणीतरी फोन केला असेल. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला, तेव्हा ३८ जण नुसते बघत राहिले अशी बातमी जगभर गेली आणि पाठ्यपुस्तकांत शिरली. ती बरीच फुगवलेली होती, हे पुढं उघड झालं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांतल्या भररस्त्यातल्या भांडणांची २१९ सीसीटीव्ही चित्रणं तपासली गेली. दहापैकी नऊ घटनांत कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं. माणसं वाटतात तितकी दगड नाहीत. तुम्हीच जखमी असाल तर गर्दीला हाक मारू नका. "निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा," असं एकाला धरून सांगा. मदत करणाऱ्याच्या मागं पोलीस लागतात ही भीती असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. सद्भावनेनं मदत करणाऱ्याला ते संरक्षण देतं.

आमच्या पेठेतल्या पोराला त्या पेठेतलं पोरगं दिसलं की डोक्यात का जातंय?

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर असले की गावात कामं कशी थंडावतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. हा नाद मलाही आवडतो. गोष्ट बिघडते ती सामना संपल्यावर.

पोलंडमध्ये जन्मलेले आणि महायुद्धात आपलं जवळपास सगळं कुटुंब गमावलेले हेन्री ताजफेल यांना एक शोधायचं होतं: दोन गटांत दुरावा यायला किमान काय लागतं? १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना सांगितलं की, तुम्हाला क्ली या चित्रकाराची चित्रं आवडतात की कँडिन्स्कीची, यावरून तुमचे दोन गट केलेत. खरं तर विभागणी चिठ्ठी टाकल्यासारखी, कशीही केलेली. मुलांची एकमेकांशी भेट नाही, जुनी खुन्नस नाही, स्वतःचा फायदा नाही. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून बोलकी बाब म्हणजे, आपल्या गटाला एकूण कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्या गटाशी फरक मोठा राहिला पाहिजे, असा पर्याय अनेकांनी निवडला. सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपला आला नाही तरी चालेल, त्याचा पडला पाहिजे.

यावर उतारा काय, ते मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमाच्या जंगलातल्या एका शिबिरात पाहिलं. ११-१२ वर्षांची २२ मुलं, दोन गट. आधी आठवडाभर एकमेकांना दिसूसुद्धा दिलं नाही, मग बक्षिसं लावून स्पर्धा. झेंडे जाळणं, रात्री दुसऱ्यांच्या खोल्यांवर धाड, सगळं झालं. एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, तर अन्न फेकाफेकी झाली. सद्भावनेची जेवणं घालून भांडणं मिटत नाहीत, हे आपल्या शांतता समित्यांनी ऐकावं असं आहे. फरक पडला तो शिबिराचं पाणी बंद पडलं आणि दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला तेव्हा. मग धान्याचा ट्रक अडकला, तोही दोघांनी दोर लावून ओढला. हळूहळू तिढा सुटत गेला. शेरीफ यांचं आदल्या वर्षीचं शिबिर फसलं होतं, हेही सांगते. त्या मुलांची गट पाडण्याआधीच एकमेकांशी दोस्ती झाली होती, त्यामुळं भांडायलाच तयार होईनात.

महापुरात कुठल्या पेठेची बोट आहे हे कुणी विचारत नाही, ते यामुळंच. पाणी उतरल्यावर पुन्हा विचारतात, हा भाग वेगळा.

घोळक्यात माणसाचं डोकं चालायचं थांबतं का?

गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकानं १८९५ मध्ये तसंच लिहिलं, आणि तेव्हापासून जमाव म्हणजे पिसाळलेलं जनावर ही समजूत घट्ट बसली. अलीकडचे अभ्यासक, विशेषतः स्टीफन रायकर, वेगळं सांगतात. गर्दीत माणूस स्वतःला विसरत नाही, तो 'मी'वरून 'आम्ही'वर येतो. मग त्या घडीला 'आम्ही' म्हणजे कोण आणि आम्हाला काय शोभतं, यावर पुढचं ठरतं.

एकाच शहराचे दोन दिवस बघा. ६ मे २०२२ ला, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं. भरचौकात गाड्या थांबवून लोक उतरले होते. ७ जून २०२३ ला सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून याच शहरात बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करावं लागलं. माणसं काही वर्षभरात बदलली नव्हती. त्या-त्या दिवशी 'आम्ही कोण' याचं उत्तर त्यांच्या हाती कुणी दिलं, ते बदललं होतं. ते देणाऱ्यांची जबाबदारी गर्दीच्या अंगावर ढकलून देणं मला मान्य नाही.

भाऊकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मवाळ माणसंही जहाल का होतात?

एकाच कलाची माणसं आपसात बोलत राहिली की तो कल मधोमध येत नाही, आणखी टोकाला जातो. सर्ज मोस्कोव्हिची आणि मारिसा झाव्हालोनी यांनी १९६९ मध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांना आधी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि मग अमेरिकी लोक, या विषयांवर चर्चा करायला लावली. द गॉलबद्दल आधीच बरं मत होतं, ते चर्चेनंतर आणखी चांगलं झालं. अमेरिकींबद्दलचं वाईट मत आणखी वाईट झालं. ग्रुपवर गुलाल उधळणाऱ्याला पंचवीस अंगठे मिळतात. शंका काढणाऱ्याला एकही नाही, म्हणून तो पुढच्या वेळी शंका काढत नाही.

"वरून आदेश होता" हे कारण खरं असतं का?

अर्धं. स्टॅनली मिलग्राम यांनी १९६१ पासून येल विद्यापीठात केलेल्या प्रयोगांत कोट घातलेला माणूस शांतपणे "पुढं चालू ठेवा" एवढंच म्हणायचा. समोरच्या खोलीतल्या माणसाला विजेचा धक्का देतोय अशी समजूत असलेल्या ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. धक्के खोटे होते, घाम खरा होता. पण शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी मध्येच नकार दिला, तेव्हा ४० पैकी चारच शेवटपर्यंत गेले. पुन्हा तेच: नकार देणारं कुणी दिसलं पाहिजे. ऑफिसात चुकीच्या कागदावर सही मागितली जाते, तेव्हा वरिष्ठाशी वाद घालण्याआधी शेजारच्या टेबलाकडं जाऊन "तुम्ही करणार आहात का?" एवढं विचारून बघा.

गटात काम जास्त होतं की कमी?

प्रत्येकाचा वाटा मोजला जातो की नाही, यावर आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती-अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावला. आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्यानं ओढण्याच्या जेमतेम निम्मा भरला. श्रमदानाच्या फोटोत किती हात टोपलीला लागलेले असतात, ते आठवा.

पोराला दोस्तांनीच बिघडवलंय. काय करू?

दोस्तांना शिव्या देऊ नका, एवढं पहिलं करा. घरात दोस्तांवर तोंड सुटलं की पोरगं त्यांची बाजू घेतं आणि आणखी तिकडं सरकतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका खेळात पाहिलं की, मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं जवळपास दुप्पट धोका पत्करतात. मोठ्या माणसांत तो फरक पडत नाही. एकटं असताना तेच पोरगं बऱ्यापैकी शहाणं असतं. म्हणून ट्रिपल सीट, हेल्मेट, पैजा यांबद्दल बोलायचं तर ते एकटं असताना बोला, आणि त्याला सबब द्या. "घरातनं गाडी काढून घेतील" असं दोस्तांना सांगून सुटता येत असेल, तर तो वाईटपणा तुम्ही खुशाल घ्या.

आणखी एक. त्याच्या टोळक्यात एक तरी पोरगं असतं ज्यालाही हे नको असतं. ते कोण, हे तुमच्यापेक्षा तुमच्या मुलाला चांगलं ठाऊक असतं. विचारा.

'येथे कचरा टाकू नये' लिहिलेलं असतं, तिथंच ढीग का?

कारण ढीग पाटीपेक्षा मोठ्यानं बोलतो. रॉबर्ट चाल्डिनी यांनी अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या एका राष्ट्रीय उद्यानात दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. तिथं लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेतात. 'आजवर खूप लोकांनी तुकडे नेले, त्यामुळं उद्यानाचं रूप बदललं' अशी पाटी लावल्यावर खुणेच्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले. नुसतं 'कृपया नेऊ नका' म्हटल्यावर २ टक्क्यांहून कमी. रंकाळ्यावर 'रोज इतका टन कचरा लोक टाकतात' असा फलक लावायचा कुणाचा विचार असेल तर सोडून द्या. त्यापेक्षा गणेशविसर्जनाला इराणी खाणीवर रांगेत शांतपणे मूर्ती देणाऱ्या कुटुंबांचे फोटो लावा.

दबाव नेहमी वाईटच का?

मुळीच नाही. भिशी कशावर चालते? कागद नाही, जामीन नाही, व्याज नाही. बारा बायका, महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला गड्डी. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघाली ती पुढचे अकरा महिने पैसे भरते, कारण दर महिन्याला त्याच अकरा जणींसमोर पोहे खायचे असतात. बचत गटांच्या कर्जफेडीमागंही हेच आहे. मात्र याची काळी बाजूही असते. नवऱ्याचं काम गेलंय, हप्ता जमत नाही, आणि मेळाव्यात नाव वाचलं जातं, तेव्हा तीच लाज माणसाला सावकाराच्या दारात नेते. गटानं थकबाकी बंद दाराआड विचारावी आणि फेड मात्र चारचौघांत वाखाणावी. उलटं झालं की गट मोडतो.

पिढ्यान्‌पिढ्या चाललेली रूढी मोडते तरी कशी?

उपदेशानं क्वचितच. रूढी पाळणाऱ्या बऱ्याच जणांना ती मनातून पटलेली नसते. पहिलं कोण, एवढंच अडलेलं असतं. तीन वाटा दिसतात, आणि त्यांतल्या दोन आपल्याच जिल्ह्यातल्या आहेत.

पहिली वाट, ज्याच्याकडं सगळे बघतात त्यानं उघड्यावर मोडणं. गंगाराम कांबळे यांची गोष्ट इथं सगळ्यांना ऐकून माहीत असते. राजवाड्याच्या नोकरीत असताना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराज स्वतः हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागवायचे, आणि बरोबरच्या मंडळींनाही तिथंच घ्यायला लावायचे.

यातली युक्ती नीट बघण्यासारखी आहे. महाराजांनी राजवाड्यात बसून कांबळ्यांच्या हातचा चहा घेतला असता तर कुणाला दिसला नसता. २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारा राजा हुकूम काढू शकत होताच, पण चहाचा हुकूम काढला असता तर लोकांनी तो तोंड वाकडं करून पाळला असता. रस्त्यावर, नाव घेऊन मागवलेल्या चहानं मागच्या प्रत्येकाची सोय झाली. "महाराजांनीच घेतला" म्हटलं की घरी जाब विचारणाऱ्याचं तोंड बंद.

दुसरी वाट, सगळ्यांनी एकदम पाऊल टाकणं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाला कायद्याची धार नाही आणि एका ठरावानं घराघरातलं सगळं पालटत नाही, हे खरं. पण अंत्यविधीच्या वेळी काय घडतं ते बघा. बांगड्या फोडायला पुढं होणाऱ्या म्हाताऱ्या बायकांतल्या कित्येकींच्या स्वतःच्या बांगड्या कधीतरी तशाच फुटलेल्या असतात. त्यांनाही ते नको असतं. पण मी थांबवलं तर भाऊकी काय म्हणेल, या धास्तीनं हात चालतो. ठरावानं त्या हाताला थांबायचं कारण दिलं. "गावानंच ठरवलंय" असं सून नव्हे, सासू म्हणू शकते.

तिसरी वाट चीनची. मुलींचे पाय बांधून लहान ठेवण्याची तिथली रूढी शतकानुशतकं टिकली, आणि मग साधारण एका पिढीत बहुतांश संपली. जेरी मॅकी यांनी १९९६ मध्ये त्याची उकल मांडली. एकट्या घरानं पाय बांधणं सोडलं तर त्या मुलीला स्थळ मिळणार कुठून? म्हणून आईबापांच्या संघटना निघाल्या. त्यांची शपथ दुहेरी होती: आम्ही मुलीचे पाय बांधणार नाही, आणि मुलासाठी पाय बांधलेली मुलगी करणार नाही. दुसऱ्या अर्ध्यामुळं पहिलं शक्य झालं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, तरी 'मानानं काय ते करा' चालूच आहे. मुलींच्या बापांनी हुंडा देणार नाही म्हणून शपथा घेतल्याचे कार्यक्रम मी पाहिलेत. मुलांच्या आयांनी व्यासपीठावर येऊन घेतलेल्या शपथा फार कमी.

आणि जातीनं किंवा गावकीनं वाळीत टाकलं तर?

तो आता गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतीचा निरोप तोंडी येतो, म्हणून तारीख, ठिकाण, कोण-कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि पोलीस ठाण्यात जाताना एकटे जाऊ नका.

हे सगळं खरं मॅडम, पण एकट्यानं काय हुतंय?

सर्ज मोस्कोव्हिची यांनी १९६९ मध्ये अ‍ॅश यांचा प्रयोग उलटा केला. चार पाहुणे, दोन शिकवलेले, आणि ते दोघं निळ्या रंगाला ठामपणे हिरवा म्हणत राहणार. पाहुण्यांची सुमारे ८ टक्के उत्तरं त्यांच्या बाजूनं गेली. ८ म्हणजे फार नव्हे. पण तेच दोघं कधी हिरवा, कधी निळा म्हणू लागले तेव्हा ते जवळजवळ शून्यावर आलं. संख्या कमी असली तर एकच बोलणं पुन्हापुन्हा, न चिडता बोलावं लागतं.

व्यवहारात सांगायचं तर बैठकीला जाण्याआधी एकाला गाठा. बैठकीत नव्हे, आधी, चहाच्या टपरीवर. "मला हे पटत नाही, तुला?" एवढंच. दहापैकी चार-पाच वेळा तरी तो "मलाही" म्हणेल. मग बैठकीत दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसा. शेजारी बसलात तर तुमचाच एक गट दिसतो. भाषण करू नका, प्रश्न विचारा: खर्च किती, परवानगी कुणाच्या नावावर, दवाखाना किती अंतरावर. आणि तुम्हीच अध्यक्ष असाल तर आपलं मत शेवटी सांगा. क्यूबावरच्या 'बे ऑफ पिग्ज' या फसलेल्या अमेरिकी मोहिमेसारख्या निर्णयांचा अभ्यास करून अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये पुढाऱ्यांना हाच सल्ला दिला होता. साहेबांचा कल आधी कळला की खोलीतल्या हुशार माणसांचा उपयोग संपतो.

ठराव तुमच्या मनाविरुद्ध गेलाच, तर इतिवृत्ताची वही समोर आल्यावर घाईनं सही करू नका. आधी वाचा. 'सर्वानुमते' लिहिलेलं असेल तर ते खोडायला लावून 'बहुमताने' करून घ्या, आणि मग सही करा.